एका बीचीं तीन रोपें



सहावी, सातवी, आठवी या इयत्तांतील मुलामुलींना जीवशास्त्राचा पहिला प्रयोग म्हणून जो करावा लागतो तो बहुधा बी रुजविण्याचा असतो. वाल किंवा हरभरा रात्रभर भिजत घालावा, ओल्या फडक्यांत बांधून ठेवावा, तिसऱ्या दिवशीं मोड पाहावा, टरफल काढून दोन दलें वेगळीं करावीं, मूळ कोणतें व कोंब कोणता हें ओळखून त्यांचें चित्र काढावें आणि चित्राखालीं निष्कर्ष लिहावा कीं, एका बीपासून एक रोप होतें. हा प्रयोग इतका सोपा आणि इतका बिनखर्ची आहे कीं, तो फसेल अशी धास्ती मास्तरांना नसते व तो खरोखर करून पाहण्याची निकड मुलांना वाटत नाहीं. घरीं मोड आलेली मटकी आठवड्यांतून एकदां तरी ताटांत असतेच. मग निष्कर्ष वहींत आधीं उतरला आणि वाल मागाहून भिजला, तर त्यांत नवल तें कसलें?

या निष्कर्षाला न जुमानणारी एक बी मात्र नागपूरकरांच्या घरांत दरसाल शेंकड्यांनीं येते आणि सालींबरोबर केराच्या टोपलींत जाते. ती नागपुरी संत्र्याची बी. आंबिया बहाराचीं फळें दिवाळीच्या मागेंपुढें बाजारांत दिसूं लागतात, मृगबहाराचीं माघ-फाल्गुनांत येतात. काटोल-नरखेडकडून आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यांतील वरूड-मोर्शीकडून गाड्या भरभरून संत्रीं येतात, घरोघर सोललीं जातात, आणि बिया थुंकून टाकण्यापलीकडे त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं.

आतां अशी कल्पना करा कीं, सातवींतील एका मुलीला वालाचा कंटाळा आला व तिनें खाल्लेल्या संत्र्याच्या कांहीं बिया चहाच्या कागदी पेल्यांत माती भरून लावल्या. एका पेल्यांत एकच बी. दोन-तीन आठवडे कांहींच उगवलें नाहीं. आईनें पेले दोनदां खिडकींतून हलविले. चौथ्या आठवड्यांत एका पेल्यांत हिरवा कोंब दिसला; चार दिवसांनीं त्याला खेटून दुसरा आला आणि पुढें तिसराही, अगदीं बारीकसा. मुलीनें वहींत लिहिलें: बी १, रोपें ३. ही वही वर्गांत गेल्यावर तिचें काय होतें, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

पुष्कळदां असें होतें कीं, मास्तर वही पाहून हंसतात आणि म्हणतात, "अगं, तुझ्या हातून तीन बिया पडल्या असतील." लाल शाईनें तिनाचा एक होतो. यांत मास्तरांना दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापुढें पन्नास वह्या असतात, तास अर्ध्या-पाऊण घटकेसारखा भरकन् सरतो, आणि मुलांच्या हातून चुका होतात हा त्यांचा अनुभव कांहीं खोटा नव्हे. दहांपैकीं नऊ वेळां विचित्र उत्तरामागें धांदरटपणाच असतो. शिवाय पुस्तकांतलें वाक्य वालापुरतें, हरभऱ्यापुरतें अगदीं बरोबर आहे. परंतु त्या लाल रेघेचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाहीं. ती मुलगी मंद नसते. पुढच्या खेपेस ती आधीं पुस्तक पाहते, मग पेल्याकडे पाहते, आणि दोहोंत अंतर दिसलें तर पेल्याकडे पाहणें सोडून देते. तिला गुण पूर्ण मिळतात. शाळेच्या दृष्टीनें ती सुधारलेली असते.

दुसऱ्या टोकाचे शिक्षकही असतात, आणि ते अधिक प्रेमळ असल्यामुळें त्यांच्याविषयीं बोलणें अवघड जातें. ते म्हणतात, "शाबास! ही बहुगर्भता होय," आणि मोठा शब्द फळ्यावर लिहून देतात. मुलगी खरी ठरते हें चांगलें; पण ती खरी ठरते ती मास्तरांच्या शब्दावर. उद्यां तेच मास्तर दुसरें कांहीं म्हणाले तर ती तेंही लिहून घेईल. एका पेल्यांतील तीन रोपांवरून खरें-खोटें ठरत नाहीं, हें तिला कोणीच सांगितलेलें नसतें.

मग करावयाचें काय? मास्तरांची शंकाच हाताशीं धरावी. हातून तीन बिया पडल्या असतील काय? असतील. तर मग वीस पेले घ्यावे, प्रत्येकावर क्रमांक घालावा, आणि वर्गांतील दोन मुलांच्या देखत एकेका पेल्यांत मोजून एकेक बी घालावी. दोन पेल्यांत नुसती मातीच ठेवावी. मातींतच कांहीं असेल तर तेथेंही उगवेल. बी ताजी हवी. वाल डब्यांत वर्षभर राहतो आणि तरीही रुजतो, म्हणून मुलें संत्र्याच्या बियाही उन्हांत वाळवून पाकिटांत भरून ठेवतात, आणि त्या रुजत नाहींत तेव्हां प्रयोग फसला असें समजतात. संत्र्याच्या बीला वाळणें सोसत नाहीं. फळ सोललें कीं बी धुवून, तिच्यावरचा बुळबुळीतपणा घालवून, लगोलग अर्धा इंच मातीखालीं लावावी. पौषांतल्या नागपूरच्या रात्री गार असतात व थंडींत हें बी फार आळसावतें. म्हणून पेले दिवसा उन्हांत आणि रात्रीं घरांत ठेवावे. माती ओली असावी, चिखल नसावा.

महिन्या-सवा महिन्यानें मोजणी करावी. समजा, वीसांपैकीं चौदा पेल्यांत कांहीं उगवलें; त्यांतील आठांत एकेक रोप, पांचांत दोन-दोन आणि एकांत तीन. नुसत्या मातीचे दोन पेले रिकामेच राहिले. आतां मास्तरांची शंका मुलांच्या हातांत एक आंकडा बनून आली. न उगवलेले सहा पेलेही वहींत लिहावेच लागतात. मुलांचा ओढा नेहमीं असा असतो कीं, जें झालें तेवढें लिहावें आणि जें झालें नाहीं तें कुंडीच्या मागें सारावें.

अजून एक पुरावा आहे, आणि तो कोणत्याही आंकड्यापेक्षां बोलका आहे. जेथें दोन किंवा तीन रोपें आलीं असतील तेथील माती पाण्यानें हलक्या हातानें सोडवावी. वालाचीं दलें मान वर काढून येतात तशीं संत्र्याचीं येत नाहींत. तीं मातींतच, टरफलाच्या आंत राहतात. त्यामुळें दोनही रोपांच्या दांड्या खालीं खालीं जात एकाच टरफलांत शिरलेल्या डोळ्यांना दिसतात. एका घराच्या दारांतून दोघे भाऊ बाहेर पडावे तसा तो देखावा असतो. तो एकदां पाहिल्यावर "तीन बिया पडल्या असतील" या वाक्याला कोणी उत्तर देण्याची गरजच उरत नाहीं.

तरी जिज्ञासा तेथें संपूं नये. ताजी बी दोन-चार तास पाण्यांत ठेवून नखानें तिचें पांढरें, चिवट टरफल काढावें. आंत तपकिरी रंगाचा पातळ पापुद्रा लागतो. तोही सोलला म्हणजे हिरवट रंगाचा गर दिसतो. मोसंब्याची बी सोलली तर तिच्या आंतला गर पांढरट असतो. शेजारीं शेजारीं ठेवून हा फरक मुलांनीं अवश्य पाहावा. संत्र्याचा तो हिरवट गर ओल्या कागदावर ठेवून टांचणीच्या टोंकानें अगदीं धिम्या हातानें उकलूं लागावें. वालाप्रमाणें दोन सारखीं दलें सुटून येतील अशी अपेक्षा असते; पण येथें एखादा मोठा तुकडा, त्याला चिकटलेला मध्यम, आणि बीच्या निमुळत्या टोंकाशीं खसखशीएवढे बारीक दाणे अशी दाटी असते. साधें भिंग घेऊन पाहिलें तर यांतील प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र गर्भ आहे, त्याला स्वतःचीं वेडींवांकडीं दलें आहेत, असें ध्यानांत येतें. आणि मग नवी अडचण उभी राहते: बींत गर्भ पांच-सहा मोजले, पेल्यांत रोपें मात्र एक-दोनच कां आलीं? अन्नाचा सांठा थोडा, जागा थोडी. थोरल्या भावंडांनीं धाकट्यांच्या वांट्याचें खाल्लें. मुलें हें उत्तर बहुधा आपण होऊन देतात, कारण घरांत त्यांचा तो रोजचा अनुभव असतो.

प्रयोगाला ताळा हवा. त्यासाठीं पपनस आणावें. तेंही लिंबाच्याच कुळांतलें, आकारानें सर्वांत थोर. पण त्याच्या बींत एकच गर्भ असतो. पपनसाच्या वीस बिया लावल्या तर प्रत्येक पेल्यांत फार तर एक रोप येतें. एकाच कुळांतलीं दोन फळें, एक पुस्तकाप्रमाणें वागतें आणि दुसरें वागत नाहीं. पुस्तकांतलें वाक्य खोडून टाकावें असें यावरून ठरत नाहीं. त्या वाक्याची हद्द कोठपर्यंत आहे तें मुलाला कळतें, आणि तें त्यानें स्वतः मोजून काढलेलें असतें.

हा चमत्कार जगाला कळला त्याची हकीकतही मोठी मौजेची आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवीं लेव्हेनहूक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलेलें नव्हतें, विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. फावल्या वेळांत स्वतः भिंगें घांसावीं आणि हातीं येईल तें त्यांतून पाहावें हा त्याचा छंद. १७१९ सालीं त्यानें संत्र्याच्या जातीच्या बींत एकाऐवजीं दोन गर्भ असल्याचें नोंदलें. असें कां होतें हें त्याला सांगतां आलें नाहीं, आणि पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ नीटसें कोणालाच सांगतां आलें नाहीं. १८७८ सालीं स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचा उलगडा केला. फुलाच्या अंडाशयांत जें बीजक असतें, त्याच्या पोटांत मातेच्याच पेशींचा एक गाभा असतो. त्याला प्रदेह म्हणतात. परागापासून व अंड्यापासून जो गर्भ व्हावयाचा तो एक होतोच. पण संत्र्याच्या कुळांत या गाभ्याच्या पेशींनाही कोंब फुटल्यासारखे होऊन निराळे गर्भ तयार होतात. त्यांत पित्याचा अंश मुळींच नसतो. म्हणजे एका टरफलांतून जीं तीन रोपें बाहेर पडलीं, त्यांतील एखादें आईबाप दोघांचें असेल, बाकीचीं केवळ आईचीं. किंबहुना दुसऱ्या रूपानें आईच.

आपल्या देशांत या विषयाचा कसून अभ्यास दिल्ली विद्यापीठांतील पंचानन माहेश्वरी व त्यांचे शिष्य यांनीं केला. सपुष्प वनस्पतींच्या गर्भविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १९५० सालीं निघाला आणि तो जगभर वापरला गेला. लिंबाच्या कुळांतील हे गर्भ कांचेच्या नळींत वाढविण्याचे प्रयोगही त्यांच्या प्रयोगशाळेंत झाले. येथें आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट ही कीं, याच माहेश्वरींनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत शाळेच्या मुलांसाठीं जीवशास्त्राचें पाठ्यपुस्तक तयार करण्याच्या कामांत पुढाकार घेतला. १९६६ सालीं ते वारले. एवढ्या मोठ्या संशोधकाला शाळेचें पुस्तक हें हलकें काम वाटलें नाहीं.

संत्र्याच्या बागाइतदाराला या सर्वांतलें मर्म फार दिवसांपासून ठाऊक आहे, फक्त तो त्याला शास्त्राचीं नांवें देत नाहीं. नागपुरी संत्र्याचें झाड सहसा बीपासून लावीत नाहींत. आधीं जंबेरीच्या बियांची पन्हेरी करतात, तीं रोपें पेन्सिलीएवढ्या जाडीचीं झालीं म्हणजे त्यांवर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतात. खालचा खुंट जंबेरीचा, वरची फांदी संत्र्याची. सगळी बाग सारखी वाढावी तर सगळे खुंट सारखे हवेत. जंबेरीच्या बींतही अनेक गर्भ असतात व त्यांतील बहुतेक मातेच्याच अंगचे असल्यामुळें तीं रोपें एकमेकांसारखीं निघतात. जीं फारच खुजीं, वेडीं किंवा भलतींच उंच दिसतात तीं जाणता माळी उपटून टाकतो. त्यांत संकराचीं रोपें असण्याचा संभव अधिक. नागपुरांत अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधनसंस्था १९८५ पासून आहे. संत्र्याच्या मुळ्यांना व बुंध्याला लागणाऱ्या डिंक्या रोगाला तोंड देईल असा खुंट शोधणें हें तेथील शास्त्रज्ञांपुढील एक मोठें काम, आणि त्या कामांत कोणतें रोप मातेचें व कोणतें संकराचें हा प्रश्न पदोपदीं येतो. सातवींतल्या मुलीच्या वहींतील "बी १, रोपें ३" ही ओळ त्याच रस्त्याची पहिली पायरी आहे. लाल शाई त्या ओळीवर पडली तर काय पुसलें जातें, तें यावरून कळेल.

मग वह्या कशा तपासाव्या? याचें एक उत्तर फार लांब शोधावयास नको. १९५६ पर्यंत नागपूर ज्या मध्यप्रांताची राजधानी होतें, त्याच प्रांतांत होशंगाबाद जिल्हा होता. त्याचें नांव आतां नर्मदापुरम् झालें आहे. तेथें १९७२ सालीं सोळा खेडेगांवच्या मिडल स्कुलांत विज्ञान हातांनीं शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला, १९७८ पासून तो जिल्हाभर पसरला आणि २००२ सालीं सरकारनें तो बंद करीपर्यंत चालला. त्यांचें पुस्तक 'बालवैज्ञानिक' या नांवाचें. त्यांत प्रयोग कसा करावा तें सांगितलेलें असे, प्रश्न विचारलेले असत, कोष्टकें आंखलेलीं असत. उत्तरें मात्र छापलेलीं नसत. मुलें चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग करीत आणि आपलीं उत्तरें आपण लिहीत. परीक्षेला पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मोकळीक असे. पाठांतराचा उपयोगच नसला म्हणजे वहींत खोटें लिहिण्याचा मोह आपोआप कमी होतो. मुलांच्या मनांत येणाऱ्या शंकांसाठीं 'सवालीराम' नांवाचें एक काल्पनिक पात्र निर्माण केलेलें होतें. त्याच्या नांवें मुलें पत्रें धाडीत व त्यांना उत्तरें जात. उपक्रम कां बंद पडला याची चर्चा मोठी आहे, ती येथें नको. पण उत्तर न छापण्याचें धैर्य पुढें फारशा पुस्तकांनीं दाखविलें नाहीं, हें मात्र खरें.

खुद्द नागपुरांत महापालिकेच्या शाळांतील मुलांचा 'अपूर्व विज्ञान मेळा' भरत आला आहे. रिकाम्या बाटल्या, नळ्या, भिंगें, पानें, फुलें अशा फुकट किंवा अल्पमोली वस्तु घेऊन मुलें टेबलामागें उभीं राहतात आणि येईल त्याला प्रयोग करून दाखवितात. ज्यांनीं हा मेळा पाहिला आहे त्यांना एक गोष्ट जाणवली असेल: पाहुण्यानें आडवा प्रश्न विचारला कीं, घोकलेलें मूल गप्प होतें आणि हातानें केलेलें मूल पुन्हां करून दाखवूं लागतें. याच्या अगदीं उलट प्रकार सुखवस्तु घरांत चालतो. शाळेनें प्रकल्प सांगितला कीं, वडील संध्याकाळीं दुकानांतून तयार प्रतिकृति विकत आणतात; थर्मोकोलचें हृदय, रंगविलेली पेशी, खालीं चिठ्ठ्या चिकटविलेल्या. मुलाला पूर्ण गुण मिळतात व दुकानदाराला पैसे. त्या पैशांत वीस पेले, एक बरेंसें भिंग आणि दोन डझन संत्रीं सहज आलीं असतीं, आणि संत्रीं खाऊन झालीं असतीं तीं वेगळींच.

आईबापांकडून या कामीं फारसें ज्ञान नको आहे. खिडकींतली एक हात जागा सहा आठवडे त्यांनीं सोडून द्यावी, मातीचा पसारा सोसावा, आणि पेल्यांत कांहीं उगवलें नाहीं तर रात्रीं गुपचूप दुसरी बी खोंचून ठेवूं नये. हा शेवटचा मोह प्रेमळ आजोबांना फार होतो. मुलाचें तोंड हिरमुसलेलें पाहवत नाहीं हें खरें. पण त्या एका बीनें सगळी मोजणी नासते.

एक प्रश्न मात्र घरांत किंवा वर्गांत सुटणार नाहीं, आणि मूल तो विचारल्यावांचून राहणार नाहीं: या तिहींतलें आईबाप दोघांचें रोप कोणतें? शास्त्रज्ञांनीं यासाठीं एक युक्ति काढली. लिंबाच्या कुळांत तीन पर्णिकांचें पान असणारी एक जात आहे. तिचा पराग साध्या पानाच्या झाडाच्या फुलावर घातला, तर पित्याचा वांटा मिळालेलें रोप त्रिदल पान घेऊन येतें आणि केवळ मातेचें रोप साध्या पानाचें राहतें. मुलांनाही पाहतांक्षणीं ओळखतां येईल अशी ही खूण. पण बाजारांतल्या संत्र्याला अशी खूण नसते, आणि बीपासून वाढविलेलें संत्र्याचें झाड फळाला यावयास कित्येक वर्षें लागतात. तोंवर ती मुलगी शाळा सोडून गेलेली असेल. वहींतला तो रकाना रिकामा ठेवावा व त्यावर गुण कापूं नयेत.

संत्र्याचा हंगाम हुकला तरी ज्येष्ठांत जांभळें येतात. त्यांच्या बियाही वाळूं न देतां लावाव्या लागतात, आणि त्यांच्याही पोटांत एकाहून अधिक गर्भ असतात. उन्हामुळें विदर्भांतल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधींच पेल्यांवर क्रमांक आणि तारीख घालून बिया लावल्या, तर शाळा सुरू झाल्यावर पावसाच्या ओलाव्यांत कोंब वर येतील. एका बीचीं रोपें किती निघतात, हें येथें मुद्दामच सांगितलेलें नाहीं.